महादेवाची पत्री आणि कापशा ससा

सांगा, सांगा म्हणून पोरांनी जीव खाल्ला, म्हणून सांगतो. मधे कुणी तोंड उघडलं तर गोष्ट तिथंच बंद.

एका गावात एक दगडूतात्या होता. तोंडाचा फटकळ, त्यामुळं त्याच्या ओट्याकडं कुणी फिरकत नसे. नात मंजी आणि तिचा पांढरा ससा कापशा, एवढाच त्याचा गोतावळा.

हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी शेजारची यमुनाक्का पूजेची उतरलेली पत्री टोपलीभर घेऊन आली. "नदीत टाकण्यापेक्षा मुक्या जिवाच्या मुखी लागू दे," म्हणत तिनं मूठभर पाला कापशापुढं टाकलाही. कापशा कुरतडू लागला.

तात्यानं पाहिलं. दूर्वांत कण्हेर, रुई आणि धोत्रा, तिन्ही विषारी! त्यानं झडप घालून पाला ओढला. टोपली अंगणात उलटी केली.

"देवाची पत्री मातीत घातलीत? नरकात जाल, तात्या!" यमुनाक्का कडाडली. बायका गोळा झाल्या.

"धोत्रा महादेवाला चालतो. तो हलाहल पचवून बसलाय. हा ससा आहे, बाई!"

"म्हातारा चळला," बायका म्हणाल्या. एरवी तात्यानं एकेकीचा उद्धार केला असता. पण मंजी रडत होती. तो तिला, सशाला नि कुरतडलेला पाला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडं गेला.

डॉक्टरांनी पान न् पान उलटून पाहिलं. "सशाला उलटी होत नाही. पोटात गेलं ते गेलं." मंजीनं डोळे मिटले. "पण दात दूर्वांनाच लागलेले दिसतात. वेळेवर ओढलंत. तरी नजर ठेवा. खाणं किंवा लेंड्या थांबल्या तर तसेच इकडं या."

संध्याकाळी कापशानं सुकं गवत खाल्लं. लेंड्याही टाकल्या. तात्यानं हात जोडले. लेंड्यांना हात जोडणारा गावात तो पहिलाच.

आता मंजी सशाचं पोट गवतानं भरते. वर कोथिंबीर नाहीतर पुदिना, धुऊन, थोडाच. नवा पाला द्यायचा तर एका वेळी एकच, तोही डॉक्टरांना विचारून.

यमुनाक्का कुंपणावरून डोकावली. "बघा, देवानंच राखलं!"

"राखलं. पण हात माझा वापरला."

ती फणकाऱ्यानं आत गेली.

तात्पर्य: देवाला वाहिलेलं पान सशाला मानवेलच असं नाही. मुक्या जिवाला भरवावं ते ओळखून, आणि आपलं चुकलं तर तसं तोंडानं म्हणावं. तात्या अजून ओट्यावर त्या शब्दाची वाट बघतोय. एवढं कुणीतरी सांगा यमुनाक्काला.