ओढ्याअलीकडे थांबलेली गाडी

एका गावात पितळी भांड्यांचा एक व्यापारी राहत होता. घरात बायको होती, म्हातारी आई होती आणि दारात एक जुनी, उंच गाडी होती. त्या गाडीतून तो दुकानात जाई, हंडे-कळश्या वाहून आणी आणि महिन्यातून एकदा आईला घेऊन ओढ्यापलीकडच्या वाडीत बहिणीकडे जाई.

एकदा शहरात त्याच्या शेजारून एक लाल गाडी गेली. जमिनीला जवळजवळ टेकलेली, आणि आवाज असा की छातीत घुमावा. बघता बघता ती दिसेनाशी झाली. त्या दिवशी व्यापाऱ्याला जेवण गेलं नाही.

थोड्याच दिवसांत तो गाड्यांच्या दुकानात जाऊन उभा राहिला. दुकानदार सरळ माणूस होता. तो म्हणाला, "शेठ, ही गाडी शर्यतीसाठी घडवलेली आहे. तुमचं रोजचं जाणं-येणं कुठं असतं?"

"घर ते दुकान. कधीतरी बहिणीकडे."

"मग एकदा नीट विचार करा."

"विचार करूनच आलोय," व्यापारी म्हणाला. त्याने जुनी गाडी तिथेच देऊन टाकली आणि लाल गाडी घेऊन निघाला.

मोठ्या रस्त्यावर गाडी अशी पळाली की तो एकटाच मोठमोठ्याने हसत सुटला. इतका आनंद आपल्याला लग्नातही झाला नव्हता, असं त्याला वाटून गेलं. घरी गेल्यावर हे त्याने बायकोला सांगितलं नाही.

पण त्याआधी गाव आलं. वेशीजवळच्या गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं. बाजारपेठेत पुढे म्हशी, बाजूला भाजीवाल्या. गाडी नुसती गुरगुरत उभी राहिली. तिच्यात भांडी मावत नव्हती, म्हणून त्याने हातगाडी लावली. हातगाडीवाला रोज त्याच्या आधी दुकानात पोचू लागला.

एकदा आई कौतुकाने बसायला आली. वाकली, गुडघा धरला आणि अर्ध्यावरच थांबली. "बाळा, आत शिरेन मी, पण बाहेर नाही यायची," असं म्हणून ती घरात गेली.

गाडीत खोट काहीच नव्हती. ती पळण्यासाठी बनली होती आणि त्या गावात पळायला जागा नव्हती.

हळूहळू व्यापारी गाडीला विचारून कामं ठरवू लागला. रस्ता खड्ड्यांचा असला की तो लग्नालाही जात नसे. बहिणीच्या वाडीची वाट तर दगडाधोंड्यांची, शिवाय मध्ये ओढा. "पुढच्या महिन्यात जाऊ," तो आईला म्हणे. आई "बरं" म्हणे. असं करता करता दिवाळी आली.

भाऊबीजेला मात्र जावंच लागलं. तो एकटाच निघाला. जपून जपून, थांबत थांबत कसाबसा ओढ्यापर्यंत पोचला. पाणी घोटाभरच होतं, पण गाडी पुढे नेण्याची छाती होईना. गाडी सोडून चालत जावं, तर मागे कोणी ओरखडा काढला तर? वाडीकडे निघालेल्या एका बाईजवळ त्याने निरोप दिला आणि तो गाडीपाशीच थांबला.

बहीण आली. एका हातात ओवाळायचं ताट, दुसऱ्या हाताने लुगडं सावरत ती पाण्यातून अलीकडे आली. तो दगडावर बसला. वारा होता, निरांजन काही केल्या पेटेना. शेवटी तिने तसंच ओवाळलं.

"आई नाही आली?"

"तिला या गाडीत बसता येत नाही."

"आणि तुला, दादा? तुला उतरून घरी येता येत नाही?"

"अगं, गाडीला कोणी..."

ती रागावली नाही. तिने आईसाठी आणलेला करंज्यांचा डबा त्याच्या हातात दिला आणि पाण्यातून परत गेली. ती वळणाआड जाईपर्यंत तो बघत राहिला. तेवढ्यातही त्याचा एक हात गाडीच्या टपावर होता. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने हात काढून घेतला.

परतताना मोठा रस्ता मोकळा होता. त्याने गाडी पळवली नाही.

शर्यतीच्या मैदानावर गाड्या चालवणारी एक बाई होती. त्याने गाडी तिला विकली. तिने मैदानावर फेरी मारली तेव्हा तो मुद्दाम थांबला. गाडी फार देखणी पळाली. त्याला खरंच बरं वाटलं.

मग त्याने एक साधी, उंच गाडी घेतली. पुढच्याच रविवारी आईला पुढे बसवून तो ओढ्यात उतरला आणि पाणी उडवत थेट बहिणीच्या अंगणात जाऊन थांबला. बहीण पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. आई आपली आपण उतरली. दोघी एकमेकींचा हात धरून बोलत बोलत आत गेल्या. गाडीकडे किंवा भावाकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो चिखलाने भरलेल्या गाडीला टेकून बराच वेळ त्यांचं बोलणं ऐकत उभा राहिला.

तात्पर्य: वाहन किती पळतं हे पाहण्याआधी, आपल्याला रोज कुठे आणि कोणाला घेऊन पोचायचं आहे, ते पाहावं.