काळी दशी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कोणत्या राज्यातली ते विचारू नका. जिथं माणूस स्वतःचं जेवण सोडून शेजारच्या ताटात डोकावतो, त्या कुठल्याही राज्यातली समजा.

एका गावात मोठा पार होता आणि पाराच्या भिंतीत कोनाडे होते. कुणी कथा लिहिली की त्यानं आपली पोथी त्या कोनाड्यात ठेवायची आणि ज्याला वाटेल त्यानं ती वाचायची, अशी तिथली रीत. वाचून आवडली, तर वाचणाऱ्यानं आपल्या अंगावरच्या वस्त्राची एक दशी, म्हणजे काठाचा सुटा धागा, काढून पोथीच्या दोरीला बांधायची. लिहिणाऱ्यानं मात्र ती कधी सोडायची नाही. सोडली, तर त्याचा अर्थ एकच: तुझं वाचणं मला नको.

त्या गावात एक तांबट राहायचा. दिवसभर हंडे-घागरी ठोकायचा आणि उसंत मिळाली की एक लांबलचक कथा लिहायचा. पुरात वाहून गेलेल्या लेकीला शोधायला एक बाई एकटीच होडी घेऊन निघते, अशी ती कथा. आणि खोटं कशाला सांगू, चांगली चालली होती हो!

पण वर्ष उलटलं तरी तांबटाच्या पोथीला दशी एकच. काळी, जाडीभरडी, घोंगडीची. शेजारच्या कोनाड्यात शिंप्याची पोथी होती. तिला दश्या किती? चाळीस! लाल, हिरव्या, गुलबक्षी.

तांबटाच्या पोटात दुखू लागलं. रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी तो पारावर जायचा आणि शिंप्याच्या दश्या मोजायचा. एक जरी वाढली, तरी त्या दिवशी त्याला घास गोड लागायचा नाही.

"शिंपीच तो! त्याला धाग्यांचा काय तोटा?" तो बायकोला म्हणायचा. "चिंध्यांतून काढतो आणि स्वतःच बांधतो झालं!"

"बांधेना का!" बायको म्हणायची. "तुम्ही आधी तुमच्या त्या बाईला काठाला लावा. तीन महिने झाले, बिचारी भर धारेत होडी घेऊन उभी आहे."

"कुणासाठी लावू? त्या एका घोंगडीसाठी?"

आणि तो लेखणीला हात लावायचा नाही.

एके दिवशी शिंप्याच्या पोथीवर सरदारांच्या शेल्याची जरीची दशी झळकली. झालं! तांबटाच्या अंगाचा तिळपापड झाला. भर दुपारी, सगळं गाव वामकुक्षी करत असताना तो पारावर गेला. शिंप्याच्या पोथीच्या डझनभर दश्या त्यानं सोडल्या, जरीचीसुद्धा, आणि आपल्या पोथीला बांधल्या. मग जरा मागं सरून पाहिलं. त्या रंगीत दश्यांमध्ये काळी दशी त्याला खुपली.

"या पंगतीत हे भिकार कशाला!" म्हणत त्यानं ती सोडली आणि धुळीत टाकली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. डोंगरावरची एक म्हातारी मेंढपाळीण पाराशी आली. तिनं तांबटाची पोथी उचलली, दोरीवर बोट फिरवून आपली दशी शोधली. पुन्हा शोधली. मग पोथी न उघडताच जागच्या जागी ठेवली, घोंगडी सावरली आणि मेंढ्यांमागं निघून गेली. तांबट तिथंच उभा होता, पण त्याचे डोळे बड्या माणसांच्या वाटेकडे लागले होते.

थोड्या वेळानं तेलीणबाई आली आणि पोथी पाहून ओरडली, "अगं बाई! ही तर माझ्या लुगड्याची दशी! मी तर या पोथीला हातसुद्धा लावला नाही!"

बाजार गोळा झाला. ज्यानं त्यानं आपापली दशी ओळखली. जो तो हसायला लागला आणि तांबटाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

शेवटी शिंपी आला. आता हा शिव्या घालणार, असं तांबटाला वाटलं. शिंप्यानं पोथीकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा, तुमची ती काळी दशी कुठं आहे?"

"टाकली."

"अरेरे! काय केलंत हे!" शिंपी कळवळला. "माझे वाचणारे दशी बांधतात आणि घरी जातात. पुढं काय झालं, असं एकानंही मला कधी विचारलं नाही. ती दशी बांधणारी म्हातारी मेंढपाळीण मात्र दर बाजाराला डोंगर उतरून यायची, नवं पान आलंय का बघायची आणि हिरमुसून परत जायची. मी दुकानातून बघायचो. खरं सांगू? जळायचो मी तुमच्यावर!"

तांबट गुडघ्यांवर बसला. सगळ्यांच्या देखत त्यानं शिंप्याच्या दश्या परत केल्या, धूळ चाळली आणि ती काळी दशी शोधून काढली. मग आठ दिवस त्याची भट्टी पेटली नाही. कथा पुरी करूनच तो उठला आणि पोथी काखेत मारून डोंगर चढला.

वर मेंढपाळांचा तळ हलत होता. म्हातारी घोड्यावर बोचकी बांधत होती.

"आजी, पुढचं आणलंय," तांबट धापा टाकत म्हणाला.

"आता कशाला रं बाबा?" म्हातारी म्हणाली. "तू दशी सोडलीस, म्या उमजले. पण नातवंडं ऐकंनात. रोज इचारायची, त्या बाईचं काय झालं? मग म्याच लावली होडी काठाला. गावली तिला तिची लेक."

"चुकलो, आजी." त्यानं काळी दशी तिच्यापुढं धरली.

म्हातारीनं ती पाहिली, पण घेतली नाही. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," ती म्हणाली आणि मेंढ्यांना हाक घालून चालू लागली.

तांबट घरी आला. पोथी त्यानं कोनाड्यात ठेवली. काळी दशी बांधायचा हक्क त्याला नव्हता, म्हणून ती जपून लेखणीच्या पेटीत ठेवली आणि दुसरी कथा लिहायला घेतली. आजही तो रोज सकाळी पारावर जातो म्हणतात. शेजारच्या कोनाड्याकडे बघत नाही. डोंगराच्या वाटेकडे बघतो.

तात्पर्य: जो दुसऱ्याचे वाचक मोजत बसतो, तो दाराशी आलेला आपला वाचक गमावतो.