टिचकीचं घुंगरू झाडावर

एक होती उंदरी. नाव टिचकी. राहायची राजवाड्यात. राजवाडा हाऽऽ एवढा. टिचकी ही एवढीशी. आणि एकटी. बोलायला कुणी नाही. होतं फक्त एक घुंगरू. ढकललं की ते म्हणायचं, छुन! तेवढीच काय ती सोबत.

नाताळ आला. राजवाड्यात झाड सजलं. सजवणाऱ्यांना डोळे कुठं? चमकलं ते टांगलं! टिचकीचं घुंगरूही टांगलं. पार शेंड्याला.

टिचकी गेली झाडाकडं. टुणुक टुणुक.

"झाडा झाडा, माझं घुंगरू दे."

"मला काय हात आहेत? वारा आला तर हलेन. जा!"

टुणुक टुणुक. टिचकीनं खिडकीच्या फटीत तोंड घातलं.

"वारेदादा, आत ये. झाड हलेना, माझं घुंगरू मिळेना!"

"खिडकी बंद. येऊ कसा? पहारेकऱ्याला सांग."

टुणुक टुणुक. पहारेकरी इनासमामा बसला होता पाय पसरून.

"मामा, उठ. खिडकी उघडेना, वारा येईना, झाड हलेना, माझं घुंगरू मिळेना!"

"पोटात कावळे ओरडतायत. नेवरी खाल्ल्याबिगर उठत नाही. हो बाजूला!"

टुणुक टुणुक. स्वयंपाकघरात फिलूमावशी नेवऱ्या तळत होती. नेवऱ्या म्हणजे करंज्याच. चर्रर्र चर्रर्र!

"मावशी, नेवरी दे. मामा उठेना, खिडकी उघडेना, वारा येईना, झाड हलेना, माझं घुंगरू मिळेना!"

"हात लावशील तर बघ! आधी महाराज नाताळच्या चांदणीत दिवा लावणार. मग नेवरी. ही इथली रीत."

टुणुक टुणुक. महाराज म्हातारे. एकटेच खुर्चीत. मांडीवर कागदाची चांदणी. विझलेली.

"महाराज, दिवा लावा. नेवरी सुटेना, मामा उठेना, खिडकी उघडेना, वारा येईना, झाड हलेना, माझं घुंगरू मिळेना!"

"कुणासाठी लावू? पोरं गेली लांब. बघायला आहे कोण?"

टिचकी टुणकन मांडीवर चढली.

"मी आहे की."

"एवढीशी?"

"एवढीशी."

"बरं. बैस."

महाराजांनी दिवा लावला, लख्ख! मावशीनं नेवरी दिली. मामानं खाल्ली, कुर्रम कुर्रम. मामा उठला. खिडकी उघडली, धाडकन! वारा आला, सूंऽऽ! झाड हललं, सळसळ! घुंगरू पडलं, छुन!

टिचकीनं ते बिळात नेलं नाही. ढकलत ढकलत महाराजांच्या खुर्चीखाली आणलं.

छुन!

वरून आवाज आला, "हां. ऐकतोय."

नेवऱ्या संपल्या, गोष्ट संपली. आता मागू नका, झोपा.