मूठभर नाचणी

एका राज्यात माणसं भारंड पक्ष्यांच्या पाठीवर बसून गावोगाव जात. एकेक पक्षी हत्तीएवढा, आणि बोलायचा तो मोजकंच. रीत एकच होती. पाठीवर चढण्याआधी स्वारानं आपल्या घरची मूठभर नाचणी पक्ष्याला चारायची. वर्षातून एकदा जत्रेला जाणारे हटकून विसरत, नेहमीचे स्वार कधी विसरले नाहीत.

येसाजी कासार हा नेहमीचा. वीस वर्षं, दर आठवड्याला, तो आपल्या कासारखिंड गावच्या बांगड्या घेऊन तांबडी नावाच्या भारंडीवरून राजधानीला जाई.

प्रधान विकटसेन जादूगार होता. त्यानं जादूच्या आरशात पाहिलं, तर खिंडीत दहाच स्वार आणि सुवर्णपुरीच्या जत्रेला ही झुंबड! "आडगावचे थांबे बंद," तो म्हणाला. राजानं मान डोलावली. त्याला दुसरं येत होतं काय म्हणा!

खिंडीतून राजधानी पायी बारा दिवस. कासार बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. पण त्या डोंगरवाटेनं निम्मी पाटी गेली तेव्हा येसाजी ओरडलाच, "फुटल्या!" गावच्या बारा भट्ट्यांतल्या सात विझल्या. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तसाच दरबारात शिरला.

"प्रधानजी, आमचा पक्षी द्या."

"तीन कामं कर. खिंडीतल्या वाऱ्याला गाठ मारून आण. बोलत्या दगडाची साक्ष आण. मावळतीचं ऊन घड्यात भरून आण."

येसाजीनं तिन्ही आणली. प्रधानानं घड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "विचार करू."

विचार! मेल्या, मग तीन महिने त्याला रानोमाळ हिंडवलंस कशाला?

"खुशाल करा," येसाजी म्हणाला. "आजपासून माझी मूठ बंद."

हे कळताच गावोगावच्या नेहमीच्या स्वारांनीही मुठी बंद करून थांब्यांकडे पाठ फिरवली. विकटसेन हसला. नाचणी ती नाचणी, असं म्हणून त्यानं राजकोठारातली पोती पक्ष्यांपुढे ओतली. चाळिसाव्या दिवशी सगळे भारंड दगड झाले. सुवर्णपुरीचे जत्रेकरू बोचकी घेऊन बसून राहिले. तांबडीची तेवढी चोच हलत होती.

"कोठारानं पोट भरतं, राजा. पंखांना घरची मूठ लागते," ती म्हणाली.

राजा बारा दिवस चालत खिंडीत आला. पायांना फोड आले होते. सोबत कुरकुरणारा प्रधान होता.

"येसाजी, काय हवं ते माग."

"तीन कामं, महाराज. ही वाट पायी चालणं हे पहिलं, ते झालं. दुसरं, सगळे थांबे उघडा. तिसरं, ही बांगड्यांची पाटी प्रधानाच्या डोक्यावर द्या आणि राजधानीपर्यंत पोचवा."

राजानं तिथंच थांबे उघडल्याची दवंडी पिटवली. पाटी विकटसेनच्या डोक्यावर गेली. वाटेत एकेक बांगडी फुटे, तसा त्याचा एकेक मंत्र गळे. वेशीशी पोचेपर्यंत तो साधा हमाल झाला होता, आणि तोच राहिला.

गावोगावचे जुने स्वार दवंडी ऐकून राजधानीत आले. ज्यानं त्यानं आपापल्या पक्ष्याला चारलं, आणि दगडांना पिसं फुटली. पाटीमागे चालत आलेल्या येसाजीनं कनवटीची पुरचुंडी सोडून तांबडीच्या चोचीशी मूठ उघडली. तांबडीनं पंख झाडले.

"फार उपकार झाले, येसाजी," राजा हात जोडून म्हणाला.

"मूठ पाखराला दिली, महाराज. तुम्हाला नाही."

आणि तो पाठीवर चढला. खिंडीत सात भट्ट्या पेटायच्या होत्या, त्या त्याच दिवशी पेटल्या.