सत्याप्पाने पळवलेला कप

फार वर्षांपूर्वी, नदीला पूल नव्हता तेव्हा, हरळवाडी आणि उंबरगी ही समोरासमोरची गावं उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात फुटबॉल खेळत. तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती. हरळवाडीने कप कधीच जिंकला नव्हता. सत्याप्पा गुरव त्यांचा गोलकीपर. त्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचत आणि चेंडू आपण होऊन त्याच्याकडे येई, असं म्हणतात.

त्या वर्षी फायनलला हरळवाडी एका गोलने पुढे होती. खेळ संपत आला होता. मैदानावर कडक ऊन होतं, पण लांब घाटावर आभाळ काळं झालं होतं. तिकडे तोंड होतं ते फक्त सत्याप्पाचं.

आधी पात्रातले बगळे एकदम उडाले. मग त्याच्या अनवाणी पायांखालची वाळू गार पडली. मग ती थरथरू लागली, खाली कोणी जातं ओढत असावं तशी.

"पाणी येतंय! वर चला!" तो ओरडला.

लोक हसले. आदल्या वर्षी हरायची वेळ आली तेव्हा हरळवाडीनेच "आग्या मोहोळ उठलं" अशी खोटी बोंब ठोकून फायनल मोडली होती.

"गेल्या साली माश्या, औंदा पाणी व्हय रं?" उंबरगीचा कॅप्टन बाळाप्पा म्हणाला. "पुढं हाईस म्हणून खेळ मोडतोस?"

सत्याप्पाचा सख्खा चुलता पात्रातच बसलेल्या गर्दीतून गरजला, "जागा सोडलीस तर तंगडं मोडीन!"

वरच्या वळणावर झाडं हलत होती. वारा तर नव्हता. सत्याप्पाने गोल उघडा टाकला, मैदान कापत धावला, टेबलावरचा कप उचलला आणि बिरोबाच्या टेकडीकडे पळत सुटला.

मग मात्र सगळे उठले. बायका पोरं काखोटीला मारून, म्हातारे काठ्या उगारून, दोन्ही गावं शिव्या देत त्याच्यामागे टेकडी चढली. त्या दिवशी लंगडेसुद्धा धावले, असं म्हणतात. चुलत्याने त्याला गाठून काठी हाणली, तेवढ्यात खालून आवाज आला. वळून पाहिलं, तर वळणावरून लाल पाण्याचा लोंढा येत होता. त्यात झाडं उभीच्या उभी वाहत होती.

सत्याप्पाने एवढंच विचारलं, "मागं कोण राहिलं?"

पंच आबाजी मास्तर राहिले होते. शेवटची शिट्टी वाजवल्याशिवाय पंचाने मैदान सोडायचं नसतं, म्हणून ते मधोमध एकटेच उभे होते, घड्याळाकडे पाहत.

सत्याप्पाने कप बाळाप्पाच्या हातात दिला आणि तो खाली उतरला. तो मास्तरांपर्यंत पोचला, हे सगळ्यांनी पाहिलं. मग पाणी आलं. पाण्यातून दोन लांब हात वर निघाले आणि त्यांनी मास्तरांना चेंडूसारखं काठावर फेकलं, असं म्हणतात. मास्तर वाचले. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि शिट्टीही त्यांनी पुन्हा तोंडाला लावली नाही. सत्याप्पा सापडला नाही.

आता फायनल टेकडीच्या पायथ्याच्या माळावर होते. खेळ संपला की जिंकलेला गोलकीपर कप घेऊन वर पळतो आणि दोन्ही गावं शिव्या देत त्याच्यामागे चढतात. आजाऱ्यांना बाजेवर घालून नेतात. शेवटचा माणूस पोचेपर्यंत कोणी ओरडत नाही, गुलाल उधळत नाही. मग गोलकीपर नदीकडे तोंड करून विचारतो, "मागं कोण राहिलं?"

आणि दोन्ही गावं म्हणतात, "सत्याप्पा."