अकरा जणींची पाटली

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. एका नदीकाठी एक नगर होतं, नगरात एक पेठ होती, आणि पेठेच्या तोंडाशीच भिवराबाईचं बांगड्यांचं दुकान होतं.

नवरा गेल्यावर भिवराबाईने ते दुकान एकटीने चालवलं. तिचा हात फार हलका होता. कितीही घट्ट बांगडी असो, ती मनगट असं दाबून चढवी की पोरगी हूं की चूं करत नसे. नगरातल्या निम्म्या नवऱ्या मुलींना लग्नाचा हिरवा चुडा तिनेच भरला होता. आणि तिच्या दुकानात खोटं बोललं जात नाही, असं सगळे म्हणत. तिलाही ते ऐकायला आवडे.

देवीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी तिच्या दुकानात बायकांची झुंबड उडाली. दिवस मावळता मावळता गर्दी ओसरली, तेव्हा सतरंजी झटकताना तिच्या पायाशी काहीतरी चमकलं. उचलून पाहते तर पाटली! पिवळीधमक. वर आंब्याच्या पानांची नक्षी, कडेला बारीक मण्यांची ओळ. बांगड्या भरून घेताना कोणीतरी काढून ठेवली असणार आणि विसरली असणार.

भिवराबाईचा जन्म काचेत गेला होता. काच हातात घेतली की ती कोणत्या भट्टीतली ते ती सांगे. पण सोनं? ते तिने लोकांच्या अंगावरच पाहिलं होतं. पिवळं आणि चमकतं म्हणजे सोनं, एवढंच तिला ठाऊक.

"कुणाच्या घरात आज चूल पेटली नसेल," ती कळवळून म्हणाली, आणि तशीच दवंडीवाल्याकडे गेली. "सगळं नीट सांग हो. काही गाळू नकोस. जिची आहे तिला लगेच ओळखू आली पाहिजे."

दवंडीवाल्याने काही गाळलं नाही. गल्लीगल्लीतून त्याचा आवाज घुमला.

"ऐका हो ऐका! भिवराबाईच्या दुकानात सोन्याची पाटली सापडली आहे हो! एकच पाटली! वर आंब्याच्या पानांची नक्षी, कडेला बारीक मण्यांची ओळ! जिची असेल तिने येऊन घेऊन जावी हो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाईने दुकानाची फळी उघडली, तर कोष्ट्याची सून दारात उभी.

"काकू, माझीच हो ती पाटली! आंब्याची पानं, कडेला मणी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

भिवराबाई हसली. पाटली आणायला आत वळणार, तोच मागून माळीणबाईचा आवाज आला. "भिवरे, थांब. ती माझी आहे. आंब्याची पानं नि मणी."

मग तिसरी आली. मग चौथी. पाचवी आली ती भिवराबाईची सख्खी नणंद. सातवी आली तिच्या डोळ्यांना खरोखरच्या धारा लागल्या होत्या. दुपारपर्यंत अकरा बायका दुकानापुढे उभ्या राहिल्या. एक पाटली आणि अकरा मनगटं! प्रत्येक बाई तीच दोन वाक्यं बोलत होती, आणि प्रत्येक बाई भिवराबाईच्या डोळ्यांत पाहून बोलत होती.

भिवराबाई मटकन खाली बसली. यांतल्या एकीला तिने बाळंतपणात पेज करून घातली होती. एकीच्या लेकीला न्हाणवलं होतं. अकरांतल्या दहा तरी खोटं बोलत होत्या, आणि त्या दहा कोणत्या, हे चेहऱ्यांवरून तिला काही केल्या कळेना.

अकरावी होती वैद्यबुवांची बायको. सगळे तिला वैद्यीणबाई म्हणत. दारी आलेल्या गरिबाला ती औषध फुकट देई. दोघींचं भांडण झालं तर "वैद्यीणबाई सांगतील ते खरं" असं म्हणून लोक तिच्याकडे जात.

"भिवराबाई, माझ्या माहेरची पाटली आहे ती," वैद्यीणबाई शांतपणे म्हणाली.

तिचा शब्द ऐकला आणि बाकीच्या एकेक करून मागे सरल्या. कोणी म्हणालं, "माझी दुसरी असेल बाई." कोणी पदर सावरत निघून गेली. भिवराबाईला हायसं वाटलं. वैद्यीणबाईवर शंका कोण घेणार? तिने पाटली तिच्या हातात ठेवली, आणि ती तिची आहे का, हे एका शब्दानेही विचारलं नाही.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी भरबाजारात वैद्यबुवा तरातरा चालत आले. मागे सोनार होता आणि त्याच्यामागे बघ्यांचा घोळका. वैद्यबुवांनी पाटली भिवराबाईच्या पुढ्यात आपटली.

"सोनं ठेवून घेतलंस आणि आम्हाला पितळ दिलंस?"

"काय म्हणता वैद्यबुवा?"

"एकटी पाटली कशी घालायची म्हणून जोड करायला सोनाराकडे दिली. त्याने कसोटीच्या दगडावर घासून पाहिली. आत पितळ आहे, वरून नुसतं सोन्याचं पाणी! बायकोच्या माहेरची अस्सल सोन्याची पाटली गेली कुठे?"

भिवराबाईने वैद्यीणबाईकडे पाहिलं. ती नवऱ्याच्या मागे पांढऱ्याफटक चेहऱ्याने उभी होती. पाटली आपली नाही म्हणावं, तर ती खोटारडी ठरणार होती. पितळेचीच होती म्हणावं, तर नवऱ्याला ती सोन्याची म्हणून सांगितलेलं खोटं ठरणार होतं. पहिलं खोटं बोलताना दुसरं बोलावं लागेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आता ते घशाशी आलं.

"हो," ती कशीबशी म्हणाली. "माझी सोन्याची होती."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. भिवराबाई चोर? जिच्या दुकानात खोटं बोललं जात नाही ती? कालपर्यंत तिला 'काकू, काकू' करणारी माणसं दोन पावलं मागे सरकली. त्या पेठेचा नियम कडक होता. गिऱ्हाइकाची वस्तू गिळणाऱ्याचं दुकान कायमचं उठे, आणि त्याला परत त्या वेशीच्या आत पाऊल टाकता येत नसे.

पेठेतले तंटे म्हातारे महाजन मिटवत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळाच्या पारावर त्यांच्यापुढे सगळं नगर जमलं. महाजनांनी पाटली उपरण्याखाली झाकून ठेवली.

"भिवराबाई, तुला काय सांगायचंय?"

"दुकानात सापडली तीच मी दिली, महाजन. अकरा जणी मागायला आल्या होत्या. मी..."

"अकरा?" महाजनांचा हात दाढीवरच थांबला. "कोण अकरा?"

भिवराबाईने जमावावरून नजर फिरवली. त्या सगळ्या तिथेच होत्या. कोष्ट्याच्या सुनेने मान खाली घातली होती. माळीणबाई पदराची किनार बोटाला गुंडाळत होती. नणंद कोणाच्या तरी पाठीआड झाली होती.

"नावं मी घेणार नाही," भिवराबाई म्हणाली.

नावं घ्यायची गरजच पडली नाही. कितीतरी नवऱ्यांनी वळून आपापल्या बायकोकडे पाहिलं, आणि बायकांनी जमिनीकडे.

महाजन वैद्यीणबाईकडे वळले. "बाई, पाटली तुमच्या माहेरची. लहानपणापासून पाहिली असेल. वर्णन करा."

"वर आंब्याच्या पानांची नक्षी आहे, कडेला बारीक मण्यांची ओळ आहे."

"हे तर दवंडीवाल्यानेही सांगितलं. आणखी काय?"

"आंब्याची पानं... आणि मणी," वैद्यीणबाईने पुन्हा तेच सांगितलं.

तेवढ्यात जमावाच्या मागून एक बाई वाट काढत पुढे आली. डावं मनगट तिने पदराखाली झाकलं होतं. ती कुंभारवाड्यातली हौसा. तिच्या पाठोपाठ "अगं, कुठं चाललीस?" म्हणत तिची म्हातारी सासू धावली.

"ती पाटली माझी आहे," हौसा म्हणाली. "आणि ती पितळेचीच आहे. भिवराकाकूंनी काही बदललं नाही."

"मग दवंडी ऐकून आली का नाहीस?"

"दवंडीत सोन्याची म्हणाले. माझी पितळेची. अशी नक्षी तर पुष्कळ पाटल्यांवर असते. मला वाटलं, ही दुसऱ्या कुणाची तरी असेल. मी तर बांगड्या भरून घरी जाताना वाटेत पडली असं समजून माझी पाटली गेले सहा दिवस रस्त्याच्या धुळीत शोधतेय."

"खूण सांग."

"आंब्याची एकवीस पानं आहेत. वीस पानांची टोकं वर, एका पानाचं टोक खाली आहे. तांबटाचा हात चुकला होता, म्हणून त्याने ती स्वस्तात दिली."

महाजनांनी उपरणं बाजूला केलं. पाटली डोळ्यांजवळ नेऊन सावकाश फिरवली. मग ती वैद्यबुवांच्या हातात दिली. वैद्यबुवांनी पाहिलं. एकवीस पानं. एक उलटं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तेव्हा ती पाराच्या कडेला बसून तोंड झाकून रडत होती.

पण खरा धक्का अजून बसायचाच होता. हौसाची सासू पुढे झाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पितळेची? अगं, मी तुला सोन्याची दिली होती! माझ्या आईची! जोडातली एक लेकीला दिली आणि एक तुला. ती कुठाय?"

हौसाने खाली पाहिलं. हे आज ना उद्या विचारलं जाणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच काल दिवसभर ती घराच्या उंबऱ्याशी येऊन परत आत गेली होती. गप्प राहिली असती तर तिचं गुपित राहिलं असतं, आणि भिवराबाईचं दुकान गेलं असतं.

"आत्याबाई, दुष्काळाच्या साली मी ती विकली. हे परमुलखात कामाला गेले होते. कणगीत दाणा नव्हता. तुम्हाला कळलं तर तुम्ही जेवणार नाही, म्हणून तशीच दुसरी करून घेतली. त्या साली घरात जोंधळा कुठून येतो, हे तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही सांगितलं नाही."

म्हातारी बघतच राहिली. मग ती अगदी हळू म्हणाली, "मी रोज दोन भाकरी मागून घेत होते. आणि तू म्हणायचीस, मला भूक नाही."

एवढं बोलून तिने भर पारावर सुनेला जवळ ओढलं, आणि तिचा खांदा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली. बघणाऱ्यांना कुठे बघावं कळेना.

महाजनांनी निवाडा दिला. "पाटली हौसाची. भिवराबाई चोर नाही. वैद्यबुवा, तुम्ही हिच्यावर भरबाजारात आळ घेतलात, माफी पण भरबाजारातच मागा. वैद्यीणबाई, तुम्हाला मी काय शिक्षा देणार? आजवर तुमचा शब्द हाच पुरावा होता. उद्यापासून तुमच्या शब्दालाही पुरावा लागेल."

वैद्यबुवांनी तिथेच हात जोडले. वैद्यीणबाईने भिवराबाईचे पाय धरले आणि म्हणाली, "सगळ्याच मागत होत्या. मला वाटलं, त्यांच्यापेक्षा मीच बरी." त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, औषधंही फुकट देत राहिली. पण भांडण मिटवायला तिच्या दारी पुन्हा कोणी गेलं नाही.

भिवराबाई पदराने डोळे पुसत उठली, तेव्हा महाजनांनी तिला थांबवलं.

"तुझं संपलं नाही अजून. तुझं मन स्वच्छ आहे, पण या गोंधळात तुझाही वाटा आहे. पाटली कशी आहे हे तूच गावभर सांगितलंस. मग चोराला तू काय वेगळं विचारणार होतीस? अकरा बायकांच्या तोंडात खोटं तू घातलं नाहीस, पण ते बोलायला लागणारे शब्द तूच पुरवलेस. आणि तुझ्या शब्दांनीच खरी मालकीण दूर राहिली. वर माणसाचा मान पाहून वस्तू दिलीस, खूण पाहून नाही."

भिवराबाईला हे आळापेक्षाही जास्त लागलं.

त्या दिवसापासून तिने दुकानात एक लाकडी पेटी ठेवली. कोणाचं काही राहिलं, की ते शेजारच्या दोन दुकानदारांसमोर पेटीत जाई आणि वर कुलूप पडे. दवंडी फक्त एवढीच, "भिवराबाईच्या दुकानात काहीतरी सापडलं आहे हो!" कोणी धावत येऊन "काय सापडलं?" असं विचारलं, तर ती म्हणे, "आधी तुमचं काय हरवलं ते सांगा." मग शेठ असो की हमाल, नणंद असो की परकी, प्रत्येकाला तेच प्रश्न. खूण पटली तरच पेटी उघडे, आणि तीही त्या दोघांसमोर. हळूहळू सगळ्या पेठेने तीच रीत उचलली.

पुढच्या जत्रेत तिच्या दुकानात मोत्यांची नथ सापडली. दवंडी फिरली. दिवसभरात मागायला एकच बाई आली, आणि ती तिचीच होती.

म्हणून लक्षात ठेवा: सापडलेल्या वस्तूची खूण ज्याला ती सापडली त्याने सांगायची नसते, ज्याची ती हरवली त्याच्याकडून ऐकायची असते.