पाइनखालचा बांज

"मग हेही पाइन तोडू ना, माई?"

श्रीपादने कुऱ्हाड खांद्यावरून उतरवली.

कुमाऊंच्या त्या डोंगरउतारावर कृष्णामाईंची झोपडी होती. मागे पाइनचं छोटंसं रान. एके काळी तिथे बांज होता, म्हणजे तिकडचा ओक, आणि झराही होता. बांज गेला, पाइन आले, झरा आटला.

बांज परत आणून झरा वाहता करायचाच, असा त्यांच्या या शिष्याने चंगच बांधला होता. गडी राबायला वाघ, पण कुणाचं ऐकेल तर शपथ! माई नको म्हणत असताना वरचा अर्धा उतार त्याने उघडा केला आणि बांजाची रोपं लावली. थंडीत काही हिमाने करपली, उरलेली उन्हाने.

"माती आधीच आंबट आणि उपाशी. त्यात हे पाइन तिला शोषतात. एकही ठेवत नाही बघा!"

"आधी बस. घामाघूम झालायस."

तो मटकन बसला. पाइनला मनसोक्त शिव्या घातल्या.

"बरं वाटतंय?"

"हो. गार आहे इथे."

"कुणाच्या सावलीत बसलायस?"

श्रीपादने मान वर करून पाइनकडे पाहिलं.

माईंनी बुंध्याजवळची वाळलेली पानं हाताने बाजूला सारली. खाली वीतभर रोप होतं. बांजाचं!

"हे कुणी लावलं?"

"पाखराने बी पुरलं असेल, मग विसरलं असेल."

श्रीपाद हरखून उठला. "थांबा, याला ऊन मोकळं करून देतो!"

माईंनी बुंध्यावर हात ठेवला.

"वरची ती एक फांदी उतरव. झाड राहू दे."

"आणि पुढच्या वर्षी?"

"आणखी एक."

त्याने हातातली कुऱ्हाड खाली ठेवली.

"असं केलं तर झरा यायला माझे केस पिकतील, माई. आणि तुम्ही..." त्याला पुढे बोलवेना. "तुम्हाला त्या झऱ्याचं पाणी पाजायचंय मला. तुमच्या हयातीत. बाकी काही नको."

एवढा दांडगा गडी, पण लहान मुलासारखा रडला. मलाही सांगताना भरून येतं.



माईंनी हात पुढे केला. श्रीपादने कमरेची बाटली दिली. खालच्या गावातून चढून आणलेलं पाणी, दोघांना दिवसभर पुरवायचं.

माईंनी ते सगळं त्या रोपाच्या मुळाशी ओतलं. मग पदराने आपलेच ओठ पुसले.

"गोड आहे रे, श्रीपाद."